नगरची गोळी

साठी ओलांडली अन् मिरजगावच्या बनुबाईला विसर पडायला लागला. चुलीवर दूध ठेवायची अन् शेजारणीशी गप्पांत रंगायची. एकाहत्तर सालच्या उन्हाळ्यात नातीचं लग्न ठरलं, तसा तिच्या नवऱ्याचा, भिमाजींचा, जीव टांगणीला लागला. चारचौघींत उखाणा घेताना ही आपलं नावच विसरली तर? ते तडक नगरला गेले अन् डॉक्टरकडून व्हिटॅमिनच्या गोळ्या घेऊन आले. छत्री तेवढी यष्टीत राहिली.

“म्हातारपनी डोक्याला गंज चढतो म्हनं. ह्यानं उतरतो. रोज एक खायची, ध्यानात ठिव.”

“व्हय,” म्हणत बनुबाईनं पुडी कनवटीला लावली.

तेव्हापासून रोज सकाळी तिच्या हातचा गूळ-तुपाचा मलिदा खाता खाता भिमाजी दोन-दोनदा विचारायचे, “गोळीचं काय झालं?”

“गेली की पोटात,” ती दोन्ही वेळा हसून सांगायची.

लग्नाच्या मांडवात बायांनी गलका केला, “आजी, नाव घ्या.” बनुबाई घुटमळली. भिमाजींचा घास हातातच राहिला. मग पदर सावरून तिनं हळूच त्यांच्याकडं पाहिलं.



“मलिद्यात कुस्करून देते रोज नगरची गोळी,
भिमाजीरावांना वाटतंय, बायको हाय भोळी.”