तीन पुकारे

"मावशी, खाऊन या तुम्ही. तुमचा नंबर जेवणाच्या सुट्टीनंतर लागेल," कोर्टाच्या दारातला शिपाई म्हणाला.

बाकावरची म्हातारी अर्धवट उठली. "नक्की ना, भाऊ? आज साहेब माझं म्हणणं ऐकणार आहेत."

"अहो, या दारात माझे केस पिकले. जा बिनघोर."

इस्पितळाच्या धुलाईघरात तिची उमर गेली होती. यंत्रात हात सापडला, बोटं गेली आणि पाठोपाठ कामही गेलं. ते परत मिळावं म्हणून ती भांडत होती. वकील परवडत नव्हता, म्हणून स्वतःच उभी राहायची.

ती जिना उतरते न उतरते तोच आतली दोन प्रकरणं पुढे ढकलली गेली. दोन्हीकडचे वकील आजारी. वकिलांना ताप येतो तोही सोयीने. साहेबांनी पुढची फाईल उचलली. म्हातारीची.

"पुकारा करा."

शिपायाने साहेबांकडे पाहिलं. साहेबांचा पारा सकाळपासून चढलेला होता. मीच पाठवलंय म्हणावं, तर हा शहाणपणा कोणी सांगितला होता, हे भर कोर्टात ऐकावं लागणार. तो दाराबाहेर गेला आणि रिकाम्या बाकाकडे बघत त्याने तिचं नाव पुकारलं. एकदा, दोनदा, तीनदा. त्याचा आवाज मुळातच खणखणीत, पण आज त्याने तो जास्तच ताणला. आत साहेबांना नीट ऐकू जायला हवा होता.

"बाहेर बघितलंत ना?"

"बघितलं, साहेब. बाई नाहीत."

यात एक अक्षर खोटं नव्हतं. अर्जदार गैरहजर, अर्ज निकाली. साहेबांनी सही केली आणि ते जेवायला उठले.

सुट्टी संपायच्या आतच म्हातारी धापा टाकत परत आली. "आलं नाही ना हो माझं नाव?"

"बसा, मावशी," तो म्हणाला.

संध्याकाळी साहेब उठेपर्यंत हुकूम फिरवता येतो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. आत जाऊन फक्त एक वाक्य बोलायचं होतं. आज नाही बोललं, तर पुन्हा नवा अर्ज, पुन्हा तारखा, आणि म्हातारीच्या अंगात तेवढी वर्षं उरलेली दिसत नव्हती. हे प्रकरण आटोपलं की सांगू, असं तो दर वेळी ठरवायचा. मग पुढचं प्रकरण निघायचं. त्याला स्वतःची किळस यायला लागली होती.

"हे भाऊ आहेत म्हणून निवांत जाऊन आले," शेजारी बसलेल्या बाईला म्हातारी सांगत होती. "नाहीतर गरिबाला कोण विचारतं इथे?"

तो नाव पुकारायला बाहेर आला की ती पदर सावरून अर्धी उठायची. दुसऱ्या कोणाचं निघालं की पुन्हा बसायची. हळूहळू बाक रिकामा झाला. शेवटचं नाव घेताना शिपायाचा आवाज चिरकला.

म्हातारीने पिशवीतून पाण्याची बाटली काढून त्याच्यापुढे धरली. "घसा बसला की हो तुमचा. आता मी एकटीच राहिलेय. आधी दोन घोट घ्या, मग पुकारा."

त्याने बाटली तोंडाला लावली. आत साहेबांची खुर्ची सरकल्याचा आवाज आला, तरी तो पीतच राहिला.