क्लबाच्या भिंतीवरचा मासा

मेलेल्या जनावरांत पेंढा भरायचं माझं दुकान. शिकार क्लबाचा अध्यक्ष वेंडेल हातभर लांबीचा मासा घेऊन आला, क्लबाच्या भिंतीवर मिरवायला. तोंडाचा पट्टा चालूच होता.

“असा मासा आता दिसायचा नाही बघ! त्या ओजिब्वे आदिवासींनी भाले मारमारून तळं रिकामं केलंय. म्हणे सरकारशी झालेल्या जुन्या करारातला हक्क! अरे, मासे जपतो कोण? आम्ही!”

मी मासा उलटा केला. “वेंडेल, याचा पोटाखालचा एक पर कापलेला आहे. ओजिब्वे लोक स्वतःच्या हॅचरीत वाढवलेल्या पिल्लांना ही खूण करूनच तळ्यात सोडतात.”

वेंडेल उठून दुकानाचं दार लावून आला आणि हळूच म्हणाला, “दुसरा पर चिकटवता येईल का रे?”