पासष्टचा आकडा, साठची रेघ

"मावशी, हे बघा. आकडा पासष्ट म्हणतोय आणि रेघ साठच भरतीय," पंचशीला म्हणाली आणि तिनं स्क्रीन आबेदाबाईंकडे वळवला.

आबेदाबाईंनी चष्मा लावला. ड्रॉइंग त्यांचंच होतं, अडतीस वर्षांपूर्वीचं. डाळमिलच्या चाळणीचा पत्रा, कडेनं बोल्टांची भोकं, दोन भोकांमध्ये पासष्ट मिलिमीटर असा आकडा, खाली कोपऱ्यात त्यांची तिरकी सही. त्यांनी ते ट्रेसिंग कागदावर शाईनं काढलं होतं. पंचशीलानं त्याचा फोटो कॉम्प्युटरमध्ये घेऊन रेघा तशाच्या तशा गिरवल्या होत्या. प्रत्येक भोक किती आडवं, किती उभं, हे कॉम्प्युटर त्या रेघांवरून काढतो आणि ते आकडे थेट मशीनला जातात. मशीन काही विचारत नाही. सांगितलं तिथं भोक पाडते.

"तुमच्या वेळी कसं करायचे?"

"आम्ही आकडा लिहायचो, फिटर तो वाचायचा. रेघेवर माप घ्यायचं नाही, हा कायदा होता. कागद पावसाळ्यात फुगतो, उन्हाळ्यात आकसतो. आकडा फुगत नाही."

दारात सुदर्शन उभा होता. वडिलांच्या, शेषेरावांच्या मागं लातूरचं हे वर्कशॉप आता तोच चालवत होता.

"तेच म्हणून राहिलो मी. जळकोटच्या मिलचे चाळीस पत्रे भंगारात गेले, बाई. एक पत्रा बसंना. आकडा डोळ्यासमोर लिहून हाय, हिनं रेघ गिरवली. उद्यापासून येऊ नको म्हणलं, तर म्हणती आधी ड्रॉइंगवाल्या मावशींना विचारा."

"मी गिरवलं ते बरोबरच गिरवलं, सर," पंचशीला म्हणाली. तिचा आवाज खाली होता, पण मान वर होती.

सुदर्शन आबेदाबाईंकडे वळला. "तुम्हीच सांगा बाई. तुमची रेघ बरोबर होती ना?"

अगदी हेच शब्द. त्याच्या वडिलांनी याच शेडमध्ये, असंच दारात उभं राहून उच्चारले होते.

टेबलावर आबेदाबाईंचा फोन वाजला. स्क्रीनवर 'यासेरचे अब्बा' असं उमटलं. यासेर म्हणजे त्यांचा मुलगा, त्यानंच ते नाव फोनमध्ये घालून दिलं होतं.

"पोहोचले. हाव, ऊन लई हाय. नाही, अजून नाही खाल्लं. तुम्ही जेवून घ्या... बरं, आल्यावर मग."

सकाळी नांदेडच्या स्टँडवर ते सोडायला आले होते. खिडकीतून पाण्याची बाटली दिली. बरोबर चला म्हटलं, तर नको म्हणाले, दुकान बंद ठेवायचं नव्हतं. कुलूप-किल्ल्यांचं टपरीएवढं दुकान. आयटीआय शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या मुलीनं असल्या दुकानदाराशी लग्नाचा हट्ट धरला, तेव्हा घरच्यांनी वर्षभर अबोला धरला होता.

फोन ठेवला, तरी सुदर्शन उत्तराची वाट बघत होता.

"रेघ खोटी आहे," आबेदाबाई म्हणाल्या.

पंचशीलानं श्वास सोडला.

"आधी माप साठचंच होतं. मग तुझ्या बाबांनी पासष्ट करायला सांगितलं. रेघ खोडून सगळी ओळ नव्यानं काढायची, तर दोन तासांचं काम. अर्धापूरला बहिणीची मेंदी होती, मला चारची बस धरायची होती. ब्लेडनं आकडा खरवडला, वर पासष्ट लिहिलं आणि निघाले. रेघ तशीच ठेवली."

"मग तेव्हा कुणाला कळलं न्हाई?"

"एका फिटरला कळलं. ट्रेसिंगवरून काढलेल्या प्रिंटवर खरवडलेल्या जागी नुसता काळा डाग आला होता, आकडा वाचता येईना. मला विचारायला तो वर आला, तर मी गेलेली. काम तर त्याच दिवशी हवं होतं. त्यानं डिव्हायडर रेघेवर ठेवला आणि माप घेतलं. सगळा लॉट वाया गेला."

आबेदाबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"तुझ्या बाबांनी सगळ्यांसमोर त्याला उभं केलं. तो एवढंच म्हणाला, साहेब, रेघ मोजून बघा. बाबांनी मला विचारलं, तू आत्ता विचारलंस तसंच. मी म्हणाले, हो साहेब, बरोबर आहे. बाईमाणूस खोटं कशाला बोलेल, म्हणून कुणी मोजलं नाही. त्यानं माझ्याकडे बघितलं, हातातला डिव्हायडर पुसला, पेटीत ठेवला आणि गेला. लातुरात पुन्हा कुणी त्याला कामावर उभं केलं नाही."

पंचशीलानं पाण्याचा ग्लास पुढं सरकवला. आबेदाबाईंनी तो हातात घेतला, पण प्यायल्या नाहीत.

"त्याला पुढं कधी सांगितलंत?" पंचशीलानं विचारलं.

"रोज सांगणार होते," आबेदाबाई म्हणाल्या. "तो समजतो, त्या दिवशी मी रेघ मोजली होती, आणि त्याचाच हात चुकला. अजून तसंच समजतो."

सुदर्शन पंचशीलाला म्हणाला, "तू बस कामाला. रेघ पासष्टवर घे आणि पॉइंट नव्यानं काढ." खुर्ची ओढून तो आबेदाबाईंसमोर बसला.

"बाबा आजारपणात सारखे म्हणायचे, तसा हात पुन्हा मिळाला न्हाई. हाय का तो माणूस, बाई?"

"आहे."

"मग मी स्वतः जातो. पाया पडतो, खरं काय ते सांगतो. कुठं राहतो? नाव काय त्याचं?"

आबेदाबाईंनी पदर सावरला. नुसतीच मान हलवली.

"आता कशाला लपवता? नाव तरी घ्या त्याचं."

"नाव कसं घेऊ, बाळा," त्या म्हणाल्या. "यासेरचे अब्बा आहेत ते."