यादीतलं नाव

दहावीनंतर मुलींचं शिक्षण का थांबतं, यावर पीएचडी करणाऱ्या निशिगंधाताई शाळा सुटलेल्या मुलींची यादी घेऊन चिखलीत चांदभाईंच्या गॅरेजवर आल्या. "तुमच्या यास्मिनला अकरावीला का नाही घातलं?"

हातातला पाना पुसत चांदभाई म्हणाले, "कॉलेज लांब... पण बस आहे म्हणा. घरकाम... छे, ते तिची अम्मी बघते. ताई, आठ दिवस द्या, फॉर्मात लिहिण्याजोगं कारण शोधून ठेवतो."

दाराआड उभ्या यास्मिनचा जीव टांगणीला लागला.

आठ दिवसांनी ताईंनी पुन्हा फॉर्म काढला. चांदभाई ओशाळले. "कारण काही सापडलं नाही, ताई. काल ॲडमिशनच घेऊन आलो."

ताई यादीतलं नाव खोडणार, तोच यास्मिन धावत आली. "थँक्यू ताई! द्या इकडं पेन, मीच खोडते!"

"अगं हळू, माझी पीएचडी फाडशील!"