आईचे उपास

डोहाळजेवणाचं ताट पुढ्यात होतं, पण जुईने घास तोंडात घेतला नाही. मंदाताईंचा भरवणारा हात तसाच अधांतरी राहिला.

सकाळीच पोटातल्या बाळाचा डीएनए वाचून झाला होता. हल्ली त्यात जनुकांसोबत आयुष्याने त्यांच्यावर उमटवलेल्या खुणाही दिसत.

"आई, बाळाला उपासमारीच्या खुणा आहेत. माझ्याकडून गेल्यात. डॉक्टर म्हणाले, त्या आता पुसता येणार नाहीत. माझ्या वेळी तू उपाशी होतीस?"

"उपाशी कशाने? घर भरलेलं होतं. उपास होते माझे, कडक."

"कशासाठी?"

"मुलगा व्हावा म्हणून," मंदाताई ताटाकडे बघत म्हणाल्या.

"म्हणजे मी होऊ नये म्हणून," जुई म्हणाली आणि तिने ताट सरकवलं.