शिंपीकाकांचं तिसरं रॉकेट

या मंडळी, जरा जवळ सरका. एका भल्या माणसाची गंमत सांगतो. चाळीस वर्षं शर्ट शिवलेल्या शिंपीकाकांना उतारवयात पुठ्ठ्याची रॉकेटं उडवायचा नाद लागला. विकतचं पॅराशूट फाटून दोन रॉकेटं आपटली, तेव्हा काकूंनी निक्षून सांगितलं, "अहो, आता हे शेवटचं. हेही आपटलं, तर सगळं सामान भंगारात!"

काकांनी देवाचं नाव घेऊन रेशमी कापडाचं पॅराशूट स्वतः शिवलं, दुहेरी शिलाई मारली आणि छान घडी घालून रॉकेटच्या नळीत बसवलं. मैदानात बटण दाबताच रॉकेट सूं करत आभाळाला भिडलं. वर पोचल्यावर ठरल्याप्रमाणे टोक सुटलं, पॅराशूट बाहेर पडलं, आणि सगळं लटांबर दगडासारखं खाली आलं.

काकू आधी धावल्या, काका धापा टाकत मागून पोचले. "शिलाई उसवली का गं?"

काकूंनी पॅराशूट उचलून त्यांच्या हातात दिलं. "शिलाई कसली उसवतेय! गिऱ्हाइकाच्या शर्टाला लावता तशा चारही टाचण्या घडीला जागच्या जागी आहेत."

तर मंडळी, नवा शर्ट उघडताना बोटाला टाचणी टोचली, तर रागावू नका. आमच्या शिंपीकाकांची तेवढी आठवण काढा.