कौतुकाचा लेख

रमजान मुजावर दोन्ही कानांत नवीकोरी यंत्रं घालून दुकानात आला, तेव्हा सुधन्वा पोतनीसनं हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला.

"हे कशाला घेतलंस?"

"तुझंच वाचून! लिहिलंयस ना, डोळे झाकून घ्या म्हणून."

मिरजेतल्या आपल्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात बसून सुधन्वा अकरा वर्षं दर रविवारी नव्या यंत्रांवर ऑनलाइन लेख लिहीत होता. या यंत्राबद्दल त्यानं स्पष्ट लिहिलं होतं, की ते कडू बोलणं गोड करून ऐकवतं, चुकूनही घेऊ नका. पण गेली काही वर्षं सगळेच फोन, वाचणाऱ्याचा कल बघून, मजकूर बदलायचे. त्याच्या लेखांवर कधीच तक्रार येत नसे. त्याला वाटायचं, लोकांना पटतंय.

त्यानं ड्रॉवरमधून त्या लेखाचा हातानं लिहिलेला कच्चा खर्डा काढून पुढे केला.

"चष्मा घरी राहिला, तूच वाच," रमजान म्हणाला.

सुधन्वानं शब्दन् शब्द वाचला. रमजान खुशीत मान डोलवत होता.

"बघ! केवढं कौतुक केलंयस!"

सुधन्वा उठला. त्यानं मित्राच्या कानांतली यंत्रं अलगद काढली आणि लेख पहिल्यापासून पुन्हा वाचला.

रमजान लालबुंद झाला. "म्हणजे आम्ही घेणारे सगळे मूर्ख? तुला रे काय कळतं यातलं?"

सुधन्वानं त्याच्यासाठी स्टूल ओढलं आणि समोरच्या टपरीवाल्याला हाक मारून दोन चहा सांगितले. कितीतरी वर्षांनी त्याचा लेख कुणापर्यंत तरी पोचला होता.